एका नावाचे दोन ड्युरँड

बदनावरच्या आमच्या घरी आजोबांच्या देखत एक नाव उच्चारावयाचे नाही, असा अलिखित नियम होता. ते नाव कोणा भाऊबंदाचे किंवा सावकाराचे नव्हते. ते एका फुटबॉलच्या करंडकाचे होते. थंडीच्या दिवसांत संध्याकाळी रेडिओवरील बातम्यांच्या अखेरीस खेळांचे निकाल सांगितले जात. आणि निवेदकाच्या तोंडून ‘ड्युरँड’ हा शब्द निघाला, की आजोबा अडकित्त्यातली सुपारी तशीच ठेवून उठत आणि ओसरीवर जाऊन बसत. मी त्या वेळी आठ-नऊ वर्षांचा होतो. एवढ्या शांत माणसाला खेळाचा निकाल ऐकून उठावेसे का वाटावे, हे मला कळत नसे. ते कळण्यास पुढे पुष्कळ वर्षे जावी लागली; आणि कळले तेव्हा आजोबा बरोबर होते की चुकत होते, ह्याचा निवाडाही मलाच करावा लागला. आज त्या निवाड्याची हकीकत आपणांस सांगावयाची आहे.

बदनावर हे धार जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. १९४८ साली मध्यभारतात विलीनीकरण झाले, तोपर्यंत ते धारच्या पवारांच्या संस्थानात होते. गाव जुने आहे. वैजनाथ महादेवाचे प्राचीन देऊळ त्याची साक्ष देते. आचार्य जिनसेनांनी इसवी सन ७८३ च्या सुमारास ज्या वर्धमानपुरात ‘हरिवंशपुराण’ रचले, ते वर्धमानपूर म्हणजे आमचे बदनावरच, असे काही विद्वान मानतात. इतर काही तो मान काठेवाडातील वढवाणास देतात. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग दक्षिणेतून जी मराठी कुटुंबे माळव्यात आली, त्यांतले आमचे एक. कोणी कारकून, कोणी शिक्षक, कोणी भिक्षुक, कोणी शिलेदार. माजघरात मराठी आणि अंगणात माळवी, असा आमचा दुहेरी संसार पिढ्यान्पिढ्या चालला.

गावाला रेल्वे नव्हती. आगगाडी पाहावयाची तर रतलामला जावे लागे. परंतु बदनावरच्या नशिबी एक मोठा रस्ता होता. महूहून निघून घाटाबिल्लोदजवळ चंबळ ओलांडावयाची, लेबडवरून बदनावर गाठावयाचे आणि पुढे रतलाम, जावरा, मंदसोर करीत नीमचला पोचावयाचे, असा तो रस्ता. महू आणि नीमच ही दोन्ही छावणीची गावे. डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला, जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, आणि त्यानंतर महूला इंग्रजांची छावणी बसली. दोन छावण्यांना जोडणारा हा रस्ता आमच्या गावावरून जात असे. म्हातारी माणसे त्याला फौजी सडक म्हणत. पलटणी, तोफा, रसद हे सारे ह्याच वाटेने आले आणि गेले. आमच्या वाट्याला त्याच वाटेने फुटबॉल आला.

माझे धाकटे काका महूला एका लष्करी कचेरीत कारकून होते. पावसाळा लागला, की त्यांचे पोस्टकार्ड येई : सामने सुरू झाले आहेत, मुलांना घेऊन यावे. मग राखी पौर्णिमेच्या आगेमागे दोन-चार दिवसांची सुटी काढून वडील आम्हां सर्वांना मोटारीत बसवीत. आई, आत्या, आम्ही तिघे भावंडे, पितळेच्या डब्यात दशम्या, लसणाची शेव आणि कैरीचे लोणचे. आजी आजोबांपाशी राही. आजोबा दारापर्यंत येत, आईला “जपून जा हो” म्हणत आणि आम्ही कशासाठी निघालो आहोत, हे ठाऊक नसल्यासारखे करीत.

त्या काळी महूला दोन मोठ्या लष्करी शाळा होत्या. पायदळाची शाळा १९४८ साली तेथे आली आणि संदेशवहनाची शाळा त्याच्याही आधीपासून, म्हणजे १९४६ पासून होती. देशाच्या साऱ्या भागांतले जवान आणि अधिकारी तेथे शिकण्यास येत. संध्याकाळी त्यांचे आपापसांत सामने होत. ना तिकीट, ना सज्जे. चुन्याने आखलेल्या रेघेपासून दहा हात दूर, झाडाखाली सतरंजी पसरून आम्ही बसत असू. शेजारी हवालदारांची कुटुंबे, बाजारातले दुकानदार, बग्गीवाले, आसपासच्या खेड्यांतली पोरे. पाऊस आला की छत्र्या उघडत. खेळ मात्र थांबत नसे.

माळव्याची काळी माती आपणांस ठाऊक आहे. ‘पग पग रोटी, डग डग नीर’ असे जिच्याविषयी म्हणतात, ती हीच. पावसात ती पायाला धरून ठेवते. त्यातून तेव्हाचा चेंडू कातड्याचा, आत रबरी फुगा आणि वर वादीने शिवलेले तोंड. पाणी पिऊन तो असा जड होई, की वादीच्या बाजूने डोक्यावर बसला तर कपाळावर वळ उठावा. आपल्याकडचे बहुतेक सामने तेव्हा नव्वद नव्हे, सत्तर मिनिटांचे असत. त्या चिखलात सत्तर मिनिटेही पुरेशी होती.

हा खेळ मला शिकविला तो वडिलांनी. ‘ऑफसाइड’ म्हणजे काय, हे त्यांनी सतरंजीवर चिंचोके मांडून समजावून दिले. हा गोलरक्षक, हे त्याचे दोन सोबती, हा आपला गडी. चेंडू सुटण्याच्या क्षणी ह्याच्यापुढे दोन चिंचोके असलेच पाहिजेत. आईचे लक्ष चेंडूकडे कमी आणि गोलरक्षकाकडे अधिक. “बाकीचे दहा इकडे-तिकडे धावतात, आणि हा बिचारा एकटा उभा, दोष मात्र सगळा त्याचा,” असे ती म्हणे. घरच्या बायकांचीही गत तशीच असते, अशी पुस्ती आत्या जोडी आणि दोघी हसत. आज वाटते, खेळाचे ते समालोचन कोणत्याही तज्ज्ञापेक्षा उणे नव्हते.

काका सामन्याच्या मध्यंतरात गावच्या गोष्टी सांगत. सुभेदार रामजी सकपाळ ह्याच छावणीतल्या लष्करी शाळेत शिकवीत असत आणि १४ एप्रिल १८९१ रोजी बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म येथेच झाला, हे मी प्रथम त्या मैदानावर ऐकले. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकी संघाचे कर्णधार किशनलाल महूचेच. आणि काकांचा सर्वांत मोठा अभिमान म्हणजे शंकर लक्ष्मण. महूला लागून कोदरिया नावाचे खेडे आहे. त्या खेड्याच्या फुटबॉल संघाचा हा कप्तान १९४७ साली बँडवादक म्हणून सैन्यात शिरला, तेथे हॉकीकडे वळला आणि १९५६, १९६० व १९६४ अशा तीन ऑलिंपिक स्पर्धांत भारताचा गोल राखून राहिला. दोन सुवर्णपदके आणि एक रौप्यपदक. पुढे १९६६ च्या आशियाई स्पर्धेत तो संघनायक होता आणि तेथेही सुवर्णपदक आले. मराठा लाइट इन्फंट्रीचा हा अधिकारी निवृत्तीनंतर महूलाच राहिला आणि २००६ साली तेथेच वारला. शेवटचे दिवस हलाखीत आणि दुखण्यात गेले. आई गोलरक्षकाविषयी जे म्हणत असे, ते मला त्या बातमीच्या वेळी आठवले.

असो. महूहून परतलो, की आम्ही भावंडे अंगणात तोच सामना पुन्हा खेळत असू. एकदा धाकट्या भावाने चिंध्यांचा चेंडू जिंकून उंच धरला आणि ओरडला, “ड्युरँड कप!” आजोबा ओसरीवर होते. ते रागावले नाहीत. त्यांनी आम्हां तिघांना जवळ बसविले आणि विचारले, “ते नाव कोणाचे, ठाऊक आहे?” आम्ही माना हलविल्या. “त्याने आपल्या धारवर तोफा डागल्या,” आजोबा म्हणाले.

आजोबा धार संस्थानच्या शाळाखात्यात नोकरीस होते. संस्थानचे शिक्षणाधिकारी आणि इतिहाससंशोधक काशिनाथ कृष्ण लेले ह्यांच्याविषयी त्यांना फार आदर; इतिहासाची गोडी तेथूनच लागलेली. पण ही गोष्ट त्यांनी कोणत्या ग्रंथात वाचलेली नव्हती. त्यांच्या आजी १८५७ साली धारला नऊ वर्षांच्या होत्या. त्या बाईंनी कानांनी ऐकलेल्या तोफा नातवाला सांगितल्या आणि त्या नातवाने आम्हांला.

हकीकत अशी. धारचा किल्ला लाल दगडाचा, गावाला लागून असलेल्या लहानशा टेकडीवर आहे. राघोबादादांच्या पत्नी आनंदीबाई ह्यांनी ह्याच किल्ल्यात आश्रय घेतला होता आणि १७७५ साली दुसरे बाजीराव, म्हणजे शेवटचे पेशवे, तेथेच जन्मले. १८५७ च्या वसंतात धारचे राजे यशवंतराव वारले आणि अल्पवयीन आनंदराव गादीवर बसले. त्या वेळी मध्य हिंदुस्थानातील संस्थानांवर देखरेख करणारा इंग्रजांचा प्रतिनिधी इंदूरच्या रेसिडेन्सीत राहत असे. त्या जागेवर कर्नल हेन्री मेरियन ड्युरँड नुकतेच आले होते. १ जुलै १८५७ रोजी सादतखानाच्या पुढारीपणाखाली होळकरांच्या शिपायांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. ड्युरँड इंदूर सोडून सिहोरकडे निघून गेले. त्यांनी इंदूर सोडले ते योग्य केले की अयोग्य, होळकरांवर त्यांनी घेतलेला संशय खरा की खोटा, ह्यावर पुढे इंग्रज लेखकांतच मोठे वाद माजले.

इकडे धारच्या पदरी असलेल्या अरब, मकराणी आणि विलायती भाडोत्री शिपायांनी किल्ला ताब्यात घेतला. पाऊस ओसरल्यावर महूला जमलेली फौज धारवर चालून आली. सेनापती ब्रिगेडियर स्टुअर्ट; राजकीय सूत्रे ड्युरँड ह्यांच्या हाती. ऑक्टोबरच्या उत्तरार्धात किल्ल्याला वेढा पडला. काही दिवस मोठ्या तोफा चालल्या आणि महिनाअखेरीस तटाला खिंडार पडले. इंग्रज आत शिरले, तेव्हा किल्ला रिकामा होता. आतले लोक रात्रीच्या अंधारात निसटून गेले होते. त्यानंतर संस्थान जप्त झाले. शेजारच्या अमझेऱ्याचे राजे बख्तावरसिंह ह्यांना १० फेब्रुवारी १८५८ रोजी इंदूरला फाशी दिले गेले. धारचे राज्य १८६० साली आनंदरावांना परत मिळाले; मात्र बैरसियाचा परगणा कापून भोपाळच्या बेगमांना दिला गेला.

आजोबांच्या आजींना ह्यातले तह आणि जप्त्या ठाऊक नव्हत्या. त्यांना एवढेच आठवे, की फडताळातली पितळी भांडी दर तोफेबरोबर वाजत. आणि त्यांची आई त्यांना भांड्यांवर हात ठेवून बसावयास सांगे, म्हणजे आवाज कमी वाटेल. नऊ वर्षांच्या मुलीने दोन्ही हातांनी घागर दाबून धरलेली आहे आणि बाहेर तट कोसळतो आहे, हे चित्र आजोबांनी आम्हांला दिले. त्या दिवसापासून ‘ड्युरँड’ म्हटले, की मलाही ती घागर दिसू लागली. तरीही पुढच्या पावसाळ्यात मी महूला गेलोच. घरात इतिहास आणि मैदानावर खेळ, असे दोन कप्पे मुलाच्या मनात सहज राहतात.

पण ते खरोखर दोन कप्पे होते काय? फुटबॉल हिंदुस्थानात रुजला तो छावण्यांतून, हे उघड आहे. पलटणीला लढाई नसेल तेव्हा शिपायाचे शरीर राबते ठेवावे, त्याला दारूपासून आणि भांडणापासून दूर राखावे, हा त्यामागचा व्यवहार. सिमल्याच्या अन्नाडेल मैदानावर १८८८ साली ड्युरँड करंडकाचे सामने सुरू झाले आणि पहिला विजय रॉयल स्कॉट्स फ्युझिलिअर्स ह्या पलटणीने मिळविला. मुंबईत रोव्हर्स करंडक १८९१ साली निघाला. कित्येक वर्षे ह्या दोन्ही स्पर्धांत गोऱ्या पलटणींचेच राज्य होते.

ते राज्य हळूहळू हलले. २९ जुलै १९११ रोजी कलकत्त्याच्या मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर पलटणीला दोन विरुद्ध एक अशा गोलांनी हरवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली. त्या अकरांतले दहाजण अनवाणी खेळले. रोव्हर्स करंडक १९३७ साली बंगलोर मुस्लिम संघाने जिंकला. आणि ज्या करंडकावर एकाही भारतीय संघाचे नाव पन्नास वर्षे कोरले गेले नव्हते, तो ड्युरँड करंडक १९४० साली दिल्लीत कलकत्त्याच्या महमेडन स्पोर्टिंगने रॉयल वॉर्विकशायर पलटणीला दोन-एक असे हरवून उचलला. त्यानंतर महायुद्ध आले, मग फाळणी आली, आणि १९५० पर्यंत ते सामने झालेच नाहीत. १९५० साली स्वतंत्र भारतात ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा हैदराबाद सिटी पोलीस संघ जिंकला. त्याच संघाने सय्यद अब्दुल रहीम ह्यांच्या शिकवणीखाली १९५० ते १९५४ ही पाच वर्षे ओळीने रोव्हर्स करंडक स्वतःकडे ठेवला. वडील हे सारे आजोबांना ऐकू जाईल अशा आवाजात आम्हांला सांगत. आजोबा ऐकत, पण नावाविषयीचा त्यांचा हट्ट सुटत नसे.

मग १९६२ साल उजाडले. त्या पावसाळ्यात महूला आम्ही जो सामना पाहिला, त्यात डाव्या बगलेला खेळणारा एक ठेंगणा जवान होता. चिखलातून तो असा जाई, की चेंडू त्याच्या पायाला शिवलेला वाटावा. दर गोलानंतर तो आम्हां मुलांकडे पाहून दोन बोटांनी कानाची पाळी धरी. म्हणजे आपली चूक झाली, क्षमा असावी, असा त्याचा विनोद. आम्ही त्याचे नाव विचारले नाही. ४ सप्टेंबरला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत भारताने दक्षिण कोरियाला दोन-एक असे हरवून सुवर्णपदक जिंकले. पी. के. बॅनर्जी आणि जर्नेलसिंग ह्यांनी गोल केले होते. संघाचे गुरू पुन्हा तेच रहीमसाहेब. आमच्या घरी त्या रात्री गोडाचा शिरा झाला आणि आजोबांनीही तो खाल्ला.

२० ऑक्टोबरला चीनने आक्रमण केले. त्या हिवाळ्यात ड्युरँडचे सामने झाले नाहीत. रेडिओवर ते नाव आलेच नाही. आजोबांना उठून जावे लागले नाही. ते मात्र रोज, बातम्या सुरू होण्याच्या कितीतरी आधीपासून रेडिओपाशी येऊन बसत. फौजी सडकेवरून रात्री गाड्यांची घरघर ऐकू येई, तेव्हा आई अंथरुणावर उठून बसे. काकांच्या पत्रात एकच ओळ होती : मैदान रिकामे आहे.

पुढच्या पावसाळ्यात, १९६३ साली, पोस्टकार्ड पुन्हा आले. आणि आम्ही निघालो तेव्हा आजोबा कोट घालून, काठी घेऊन दारात उभे होते. “मीही येतो,” एवढेच म्हणाले. कोणी काही विचारले नाही. मोटारीत त्यांना खिडकीजवळची जागा दिली. चंबळेचा पूल आला तेव्हा त्यांनी टोपी काढून नदीला नमस्कार केला आणि ही महूजवळच्या जानापावच्या डोंगरात उगम पावते, असे आम्हांला सांगितले.

मैदानावर ते सतरंजीवर बसले नाहीत. काकांनी घरून आणलेल्या खुर्चीवर बसले. सामना सुरू झाला. मी डाव्या बगलेकडे पाहत होतो. तेथे दुसराच कोणी खेळत होता. मी काकांना विचारले. “बदलून गेला असेल,” काका म्हणाले. “शिकावयास आलेली माणसे, परत आपापल्या पलटणीत जातात.” मी पुन्हा विचारले, “कोठे?” काका गप्प राहिले. तेव्हा आजोबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तो हात सामना संपेपर्यंत तेथेच होता. त्या ठेंगण्या जवानाचे पुढे काय झाले, हे मला कधी कळले नाही. कदाचित तो सुखरूप असेल, म्हातारा झाला असेल, कोठेतरी नातवंडांना कानाची पाळी धरून हसवीत असेल.

परतताना वडिलांनी आजोबांना विचारले, “अण्णा, कसा वाटला खेळ?” आजोबा बराच वेळ बाहेर पाहत होते. मग म्हणाले, “खेळ चांगला आहे. नाव वाईट आहे.” त्यानंतर रेडिओवर ते नाव आले की ते उठून जात नसत; फक्त मान दुसरीकडे वळवीत. १९६८ साली ते वारले.

मी इतिहासाचा शिक्षक झालो. इंदूरला नोकरी करीत असता एका ग्रंथालयात दोन खंडांचे एक जुने इंग्रजी चरित्र हाती आले. मेजर-जनरल सर हेन्री मेरियन ड्युरँड ह्यांचे ते चरित्र, प्रकाशन १८८३. मुखपृष्ठानंतरचे पान उलटले आणि मी थबकलो. चरित्रनायक १ जानेवारी १८७१ रोजी वारलेला आहे. पंजाबचे नायब राज्यपाल असताना टांक गावी हत्तीवरून दरवाजातून जाताना अपघात झाला आणि त्यात त्यांचा अंत झाला. मग १८८८ साली सिमल्याला करंडक देणारा ड्युरँड कोण? उत्तर त्याच पानावर होते. चरित्राचा लेखक त्यांचा मुलगा होता : हेन्री मॉर्टिमर ड्युरँड. करंडक ह्या मुलाचा. १८८८ साली तो हिंदुस्थान सरकारचा परराष्ट्र सचिव होता. अफगाणिस्तानची सरहद्द आखणारी १८९३ ची ड्युरँड रेषा, तीही ह्याचीच.

म्हणजे आजोबा चुकले होते. धारच्या किल्ल्यावर तोफा आणणारा ड्युरँड वेगळा आणि फुटबॉलचा करंडक देणारा ड्युरँड वेगळा. बापाच्या कृत्याचा राग त्यांनी मुलाच्या देणगीवर काढला होता. शिक्षकाला दुसऱ्याची चूक सापडल्यावर जे क्षुद्र समाधान वाटते, ते मला क्षणभर वाटले, हे कबूल करतो.

पुढे वाचीत गेलो तसे ते समाधान टिकले नाही. मॉर्टिमर ड्युरँडचा जन्म १८५० सालचा. आणि जन्मगाव सिहोर, म्हणजे आमच्या माळव्याचाच शेजार. १८५७ साली तो सात वर्षांचा होता. त्याच वर्षी, इंदूर सोडावे लागल्यानंतर, त्याची आई वारली. इकडे धारला नऊ वर्षांची एक मुलगी घागरीवर हात ठेवून बसली होती. तिकडे सात वर्षांचा एक मुलगा आईला मुकला होता. दोघांच्या घरांत ती हकीकत पुढे पन्नास वर्षे सांगितली गेली असेल. मुलाने मोठेपणी आपल्या वडिलांची बाजू दोन जाड खंडांत मांडली. मुलीला लिहितावाचता येत नव्हते. तिने ती नातवाला सांगितली. छापील खंडांत आजोबांच्या आजी नाहीत, आणि असणारही नाहीत. त्या असतील तर आमच्या ओसरीवर, आणि आता ह्या भाषणात.

म्हणून माझा निवाडा असा. सनावळीत आजोबा चुकले. परंतु त्या करंडकाचा आणि त्या वेढ्याचा काही संबंध आहे, हे त्यांनी अचूक ओळखले होते. महूहून धारवर फौज गेली ती ज्या राज्यासाठी, त्याच राज्याच्या छावण्यांत हा खेळ वाढला, आणि त्याच राज्याच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने त्याला करंडक दिला. हे विसरून खेळ पाहणे म्हणजे अर्धे पाहणे होय. पण आजोबांचे वाक्य मी थोडे बदलून घेतले आहे. नावही वाईट नाही. नाव जुने आहे. त्या नावाखाली १९४० साली कलकत्त्याची पोरे जिंकली, १९५० साली हैदराबादचे पोलीस जिंकले, आणि १९६२ साली देशावर संकट आले तेव्हा ते नाव मुकाट्याने बाजूस उभे राहिले. करंडकावर प्रथम कोणाचे नाव कोरले गेले, ह्यापेक्षा नंतर कोणाकोणाची कोरली गेली, ही यादी मोठी असते.

आज महू–नीमच रस्त्याचा आमच्याकडचा भाग चौपदरी झाला आहे. पूर्वी आमचा अर्धा दिवस खाणारी वाट आता किती लवकर सरते! महूचे नाव २००३ साली डॉ. आंबेडकर नगर झाले. लोक अजूनही दोन्ही नावे घेतात. रोव्हर्स करंडकाचे सामने २००१ नंतर झालेले नाहीत. ड्युरँड करंडक मात्र चालू आहे आणि २०१९ पासून त्याचे मुख्य ठाणे कोलकाता हे आहे. सामना पाहण्यास आता मोटार, डबा, सतरंजी काही लागत नाही. तो हातातल्या दूरध्वनीवर दिसतो.

गेल्या पावसाळ्यात माझा नातू असाच एका कोपऱ्यात बसून पाहत होता. मी विचारले, “कोणता सामना?” तो म्हणाला, “ड्युरँड कप, आजोबा.” मी त्याला सगळी गोष्ट सांगितली : किल्ला, घागर, बाप आणि मुलगा, डाव्या बगलेचा जवान. त्याने ती नीट ऐकून घेतली. मग त्याने विचारले, “मग आपण हे पाहायचे की नाही?”

माझ्यापाशी तयार उत्तर नव्हते. मी त्याच्या आजीला हाक मारली, सुनेला बोलाविले. चित्र भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर लावून घेतले. सतरंजी काढली. ‘ऑफसाइड’ झाला तेव्हा नातवाच्या आजीने विचारले, “हे काय झाले?” घरात चिंचोके नव्हते. मी डब्यातले शेंगदाणे काढले आणि मांडू लागलो.